खुराडं स्वस्तातलं, पण पक्कं

मैत्रिणींनो, परसदारी कोंबड्या पाळण्याविषयी तुमची पत्रं येतात, त्यांत दाणा कोणता घालावा आणि अंडी किती मिळतील हेच प्रश्न जास्त असतात. गेल्या महिन्यात मात्र एका तालुक्याच्या गावाहून वेगळं पत्र आलं. या भगिनीने घरखर्चातून पैसे बाजूला टाकून ६ तलंगा घेतल्या होत्या. अंडी सुरू होऊन पुरता महिनाही झाला नव्हता. रात्री डालगं पालथं घालून वर पाटा ठेवायचा, एवढाच बंदोबस्त. एका पहाटे पाहतात तो डालगं कलंडलेलं, अंगणभर पिसं, आणि सहांतली एकच भिंतीवर चढून बसलेली. आता घरात सगळे म्हणतात, "पुरे झाला हा उद्योग!" त्या विचारतात, "पुन्हा घेऊ का? हातात पैसे अगदी बेताचेच आहेत."

जरूर घ्या. पण आधी खुराडं, मग कोंबड्या. आणि खुराड्यासाठी जे चार पैसे असतील, ते जाळी आणि कडी या दोन गोष्टींवर घाला. बाकी सगळं घरातलं, माळ्यावरचं आणि भंगारवाल्याकडचं चालतं.

चोर कोण, ते आधी ओळखा

आपल्याकडे मुंगूस हा दिवसाचा चोर. भल्या सकाळी आणि दुपारच्या सामसुमीत येतो. बोका, रानमांजर आणि कोकणात उदमांजर हे रात्रीचे. भटकं कुत्रं ताकदीने फळी उचकटतं, जाळी ओढून फाडतं. घूस खालून माती उकरून येते. साप आणि उंदीर फटीतून शिरतात, ते अंडी आणि पिल्लं यांच्या मागावर असतात. घार आणि कावळा पिल्लं उचलतात ती उजेडी. म्हणजे वरून, खालून आणि चारही बाजूंनी बंद होईल असंच खुराडं हवं. डालगं दिवसा तासभर पिल्लं कोंडायला छान. रात्रीसाठी त्याचा भरवसा धरू नये.

माप आणि सामान

५-६ कोंबड्यांना रात्रीपुरतं ४ फूट लांब आणि ३ फूट रुंद खुराडं पुरतं. म्हणजे एकीला साधारण २ चौरस फूट जागा. दिवसभर त्या परसात मोकळ्या हिंडणार असतील तरच हे माप, बरं का! दिवसभर कोंडून ठेवायच्या असतील तर जागा बरीच जास्त लागते. पुढची उंची ३ फूट आणि मागची अडीच फूट ठेवा, म्हणजे छपराला आपोआप उतार येतो आणि पावसाचं पाणी मागच्या बाजूला पडतं.

सामान असं जमवा:

• तळाला जुन्या दाराची किंवा टेबलाची फळी.
• सांगाड्याला मोडक्या खाटेच्या पट्ट्या किंवा बांबू.
• मागच्या बाजूला आणि दोन्ही कडांना फळकुटं. आंब्याच्या पेट्या मोडूनही चालतात, मात्र फटी राहू देऊ नका.
• वर जुना पत्रा, चारही बाजूंनी वीतभर तरी बाहेर येणारा.
• अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश जाळी, ३ फूट रुंदीची, ६ फूट.
• दोन बिजागऱ्या, एक कडी-कोयंडा, यू खिळे.

यातली शेवटची दोन कलमं नवी घ्या. दुकानदार तुम्हाला षटकोनी भोकांची पातळ "कोंबडी जाळी" दाखवील. ती स्वस्त असते, पण ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती. कुत्र्याला बाहेर ठेवायला नव्हे. मोठ्या भोकांतून उंदीर सहज जातो, आणि मांजर पंजा घालून कडेला बसलेल्या कोंबडीला ओढते.

जाळी वाया जाऊ नये म्हणून कापायचा हिशेब सांगते. ६ फुटांतला ४ फुटांचा तुकडा पुढच्या पूर्ण बाजूला, दारासकट. उरलेल्या २ फुटांच्या, एकेक फूट रुंदीच्या दोन पट्ट्या करा. त्या दोन्ही कडांना छपराच्या अगदी खाली ठोका, हवा खेळायला. खिळे दर दोन-तीन इंचांवर हवेत. कापलेल्या तारेची टोकं बाहेरच्या बाजूला दुमडून टाका, नाही तर कोंबडीच्या पायांना आणि आपल्या हातांना जखमा होतात.

पाय आणि दार

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, चार पायांवर उभं करा. घुशीचा आणि पावसाळ्यातल्या ओलीचा प्रश्न तिथेच मिटतो. पायांना तेलाच्या रिकाम्या डब्याचा गुळगुळीत पत्रा फूटभर गुंडाळा. त्यावरून उंदराला चढता येत नाही. मात्र शेजारी लाकडाचा ढीग किंवा भिंतीला टेकवलेली शिडी नको. पाय करणं जमतच नसेल तर खाली आणि भोवती फूटभर शहाबादी फरशीचे तुकडे जवळजवळ बसवा, म्हणजे उकरायला जागा राहत नाही.

दाराला सुतळी बांधून भागवू नका. मांजर पंजाने दार खालून ओढतं, कुत्रं दाताने. कडी लावून कोयंड्यात खिळा अडकवा. कुलूप असेल तर अधिक उत्तम, कारण दोन पायांचे चोरही असतातच! दार लावल्यावर एक खालचा कोपरा ओढून पाहा. बोट जाईल एवढी फट पडली तर तिथे आणखी एक कडी लागेल.

ऊन, वारा, पाऊस

आपल्याकडे पावसाचा मारा बहुधा पश्चिमेकडून असतो. म्हणून खुराड्याची पाठ पश्चिमेला आणि जाळीची बाजू पूर्वेला ठेवा. सकाळचं कोवळं ऊन आत येतं आणि ओल सुकते. वाऱ्याबरोबर पाऊस आलाच तर पुढे गोणपाटाचा पडदा सोडा, पण वरची हवा कधीच बुजवू नका. कोंबड्यांच्या विष्ठेचा उग्र दर्प आत कोंडला की त्यांचे डोळे आणि छाती बिघडते. उन्हाळ्यात पत्रा तापतो. त्यावर पाचट किंवा झावळ्या घाला, किंवा चुन्याचा पांढरा हात द्या. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकू लागली की समजावं, सावली आणि गार पाणी हवं.

आतली व्यवस्था

बसायला एक आडवी दांडी, फूटभर उंचीवर. एकीला ८ इंच धरले तर सहा जणींना ४ फुटांची दांडी बरोबर पुरते. दीड-दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली असावी. अंडी घालायला कोपऱ्यात एक जुनी टोपली, आत गवत. ती दांडीच्या खाली नको, आणि दांडीहून उंचावरही नको. नाही तर कोंबड्या टोपलीतच झोपतात आणि अंडी घाण होतात. तळाला दोन-तीन इंच भाताचं तूस, लाकडाचा कोरडा भुसा किंवा शेंगांची टरफलं पसरा. दोन दिवसांनी खालीवर करा. ओलं झालेलं लगेच काढा. हे सगळं खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवलं की फुलझाडांना उत्तम खत. ताजंच घातलं तर झाडं करपतात.

परसात एका पसरट पाटीत चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, उवा-पिसवा कमी होतात. घरातलं झुरळांचं औषध खुराड्यात कधीही फवारू नका.

काटकसर कुठे करू नये

कीटकनाशकांची पोती, पोपडे सुटलेलं जुन्या रंगाचं लाकूड आणि फुटक्या काचांचं तावदान फुकट मिळालं तरी घेऊ नका. पिल्लांना ऊब म्हणून उघड्या वायरीवर दिवा सोडू नका. कोरडा भुसा पेटायला ठिणगी पुरते. आणि खुराड्याचे पैसे वाचवायला कोंबड्या स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या खोलीत कोंडणं तर नकोच. त्यांना हात लावल्यावर, अंडी गोळा केल्यावर साबणाने हात धुवायचे. खुराड्याच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात.

मोठी भीती रोगाची. राणीखेत हा पटापट पसरणारा रोग. त्यावर लस आहे. तलंगा घेतानाच लस झाली का ते विचारा आणि पुढच्या मात्रेसाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ साली. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही तो आढळला होता. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, कचऱ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा.

शहरवस्तीत राहणाऱ्यांनी नगरपालिकेत आणि घरमालकाकडे आधी विचारून घ्यावं. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा आरवण्याची असते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो पिल्लं हवी असतील तरच. नुसत्या कोंबड्या ठेवा आणि महिन्यातून चार अंडी शेजारी द्या, तक्रार ऐकू येणार नाही.

रोजचा नेम मात्र चुकवू नका. दिवेलागणीला मूठभर दाणे खुराड्यातच टाका, म्हणजे त्या आपल्या आपण आत येतात. मोजा, कडी लावा, कोपरा ओढून पाहा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. पण तांबडं फुटेपर्यंत कोंबडी नीट झाकलेली असली, तरच सकाळी टोपलीत अंडं सापडतं.

पुढच्या अंकी घरातल्या उष्ट्या-खरकट्यातलं कोंबड्यांना काय घालावं आणि काय मुळीच घालू नये, ते पाहू.