सभागृहाआधी घर : कौटुंबिक प्रार्थनेचे सामर्थ्य

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी समाजात धार्मिक संस्कारांची जबाबदारी हळूहळू मंडळांकडे गेली आहे. गणेशोत्सवातील आरत्या आणि आषाढीची दिंडी भाड्याने घेतलेल्या सभागृहांत उत्साहाने पार पडते, मात्र त्याच कुटुंबांच्या घरांत एरवी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ही विभागणी सोयीची असली तरी ती प्रार्थनेच्या मुळावरच येणारी आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. कौटुंबिक प्रार्थना म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी घरातील लहानथोरांनी एकत्र बसून केलेले पठण, ज्यासाठी पुरोहित लागत नाही आणि खर्चही येत नाही. तिन्हीसांजेची शुभंकरोती, रामरक्षा, समर्थांचे मनाचे श्लोक, वारकरी घरांतील हरिपाठ आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतील रोझरी, म्हणजेच जपमाळेची प्रार्थना, ही सर्व याच परंपरेची रूपे होत.

या प्रार्थनेत किती बळ असते, याचा पुरावा कोकणच्या इतिहासातच आहे. बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाचे पूर्वज, त्यांच्या परंपरेनुसार, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि त्यात त्यांचे धर्मग्रंथ नष्ट झाले. पुढे शतकानुशतके त्यांना ना प्रार्थनामंदिर होते, ना धर्मगुरू. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा नेम यांमुळे शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, तरी एकेश्वराची ग्वाही देणारी 'शेमा' ही छोटी प्रार्थना त्यांच्या घरांत टिकली आणि जन्मापासून विवाहापर्यंतच्या प्रसंगी तीच म्हटली जात असे. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते 1796 मध्ये, तोपर्यंत या समाजाचा धर्म घरानेच सांभाळला होता. वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंबाने जेवणाच्या वेळी एकत्र वाचावयाच्या 'हग्गादा' या ग्रंथाची हिब्रू-मराठी आवृत्ती 1874 मध्ये पुण्यात छापली गेली आणि तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया सणाच्या भाकरी करताना दिसतात. संस्था नसताना परंपरा टिकू शकते, परंतु घराने सोडून दिलेली परंपरा केवळ संस्थेच्या आधारावर जगणे अवघड असते, हे या इतिहासातून दिसते.

प्रार्थनेचे हे सामर्थ्य नेमके कशात आहे, हे ठरवताना भाबडेपणा टाळला पाहिजे. काम्य प्रार्थना, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेली याचना, हाच प्रार्थनेचा अर्थ मानला तर मागितलेले न मिळाल्यावर श्रद्धेचा आधारच तुटतो. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1,802 रुग्णांवरील एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेमुळे रुग्णांच्या गुंतागुंती कमी झाल्याचे आढळले नाही. श्रद्धावंतांनी या निष्कर्षाने अस्वस्थ होण्याचे कारण नाही, आणि आजारात प्रार्थनेला उपचारांचा पर्याय मानण्याचेही कारण नाही, कारण प्रार्थनेचे खरे कार्य प्रार्थना करणाऱ्याच्या अंतःकरणात घडते. नॅथॅनिअल लॅम्बर्ट, फ्रँक फिंचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जोडीदारासाठी किंवा मित्रासाठी प्रार्थना करणाऱ्यांमध्ये क्षमा करण्याची तयारी वाढल्याचे दिसून आले. ज्याच्यावर राग आहे त्याच्याच कल्याणाची इच्छा रोज उच्चारावी लागली, की तो राग पूर्वीच्या धारेने टिकवणे माणसाला कठीण जाते.

कुटुंबाच्या बाबतीत याला आणखी एक परिमाण आहे. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीस आणि सहकाऱ्यांनी कौटुंबिक नित्यक्रमांवरील 50 वर्षांच्या संशोधनाचा 2002 मध्ये आढावा घेतला, तेव्हा नित्यक्रम आणि विधी यांत भेद केला : नित्यक्रम काय करायचे ते सांगतो, तर विधी 'हे कुटुंब कोण आहे' हे सांगतो. जेवण, अभ्यास आणि झोप यांच्या वेळा पाळणारे घर शिस्तबद्ध होते, पण ज्या घरात आजी, वडील आणि सात वर्षांचे मूल एकाच आवाजात एकच ओळ म्हणतात, तिथे आज्ञा देणारे आणि आज्ञा पाळणारे असा भेद काही काळ तरी नाहीसा होतो, कारण सर्वच जण आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी नम्र झालेले असतात. आई-वडिलांनाही नम्र व्हावे लागते, ही गोष्ट मुलांना उपदेशाने पटत नाही, ती रोज पाहूनच पटते.

प्रार्थनेत काय मागितले जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारे पसायदान स्वतःच्या घरापुरते काहीच मागत नाही, दुर्जनांच्या विनाशाऐवजी त्यांच्यातील दुष्टपणा जावा एवढेच मागते आणि सर्व जीवांमध्ये मैत्री इच्छिते. गुण, पदवी आणि प्रवेश यांच्या स्पर्धेत वाढणाऱ्या मुलांना इतरांच्या सुखाची आस दररोज बोलून दाखवण्याची सवय लागणे, हा कोणत्याही शिकवणीत न मिळणारा संस्कार आहे.

या मताविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. परदेशात वाढलेल्या मुलांना शब्द कळत नाहीत, हा पहिला. मात्र न कळणे हे थांबण्याचे कारण नसून समजावून सांगण्याचे निमित्त आहे आणि आठवड्याला एका ओवीचा अर्थ सांगणे कोणत्याही पालकाला शक्य आहे. भिन्नधर्मीय जोडप्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे; तथापि दोन्ही परंपरांतील एकेक प्रार्थना आणि काही क्षणांचे मौन यांना स्थान देणारे घर दोन्ही परंपरांना वगळणाऱ्या घरापेक्षा समृद्धच असते. सक्तीचा आक्षेप सर्वांत रास्त आहे, कारण धाकाने म्हणवून घेतलेली प्रार्थना मनात चीडच निर्माण करते. म्हणून ती दहा मिनिटांपेक्षा लांबू नये आणि पालकांनी ती स्वतः नेमाने म्हणावी, म्हणजे मुलांवर सक्ती करण्याची वेळच येणार नाही.

मंडळांची भूमिका यामुळे कमी होत नाही, ती अधिक स्पष्ट होते. प्रार्थनांचे अर्थासह ध्वनिमुद्रण उपलब्ध करणे, मुलांना योग्य उच्चार शिकवणे आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना प्रार्थनेची सुरुवात करण्यास साहाय्य करणे ही कामे मंडळच उत्तम करू शकते. मात्र शिकवलेले रोज म्हणण्याचे काम घरालाच करावे लागेल, कारण दुःखाच्या रात्री, भांडणानंतरच्या अबोल्यात किंवा मायदेशाहून आलेल्या वाईट बातमीच्या वेळी सभागृह उपलब्ध नसते आणि अशा प्रसंगी आधार देणारे शब्द ओठांवर असायचे असतील, तर ते साध्या, सुखाच्या दिवसांतच सर्वांनी मिळून पाठ केलेले असावे लागतात.