विश्लेषण : मोठे स्मार्टफोन पँटच्या खिशात खरंच वाकतात का?

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने अवघ्या ५.६ मिलिमीटर जाडीचा 'आयफोन एअर' जाहीर केला. त्याच्या काही महिने आधी, मे महिन्यात, सॅमसंगने ५.८ मिलिमीटरचा 'गॅलेक्सी एस२५ एज' आणला होता. दोन्ही फोनचे स्क्रीन साडेसहा इंच किंवा त्याहून मोठे. साहजिकच किंमत, कॅमेरा आणि बॅटरीच्या चर्चेबरोबर एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. हा फोन खिशात ठेवून खाली बसलो, तर वाकेल का? ॲपलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तर एका मुलाखतीत पत्रकारांच्या हाती फोन देऊन 'वाकवून पाहा' असंच सांगितलं.

एखादी कंपनी आपलं नवं उत्पादन असं वाकवायला देते, तेव्हा त्यामागे काहीतरी इतिहास असतो. तो ११ वर्षांपूर्वीचा आहे.

२०१४ मध्ये काय झालं होतं?

१९ सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेसह काही देशांत आयफोन ६ आणि आयफोन ६ प्लस विक्रीला आले. (भारतात ते १७ ऑक्टोबरला आले.) तोपर्यंत ॲपलचा सर्वात मोठा फोन चार इंची होता. ६ प्लसचा स्क्रीन थेट साडेपाच इंचांचा आणि जाडी मात्र ७.१ मिलिमीटर, म्हणजे आधीच्या ५एसपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. चारच दिवसांत 'अनबॉक्स थेरपी' या यूट्यूब चॅनलच्या लुईस हिल्सेंटेगर यांनी नुसत्या हातांनी ६ प्लस वाकवून दाखवला आणि तो व्हिडिओ जगभर पसरला. नव्या कोऱ्या फोनला पुढच्या खिशात ठेवल्यावर बाक आल्याच्या तक्रारी त्याआधीच सुरू झाल्या होत्या. या सगळ्याला 'बेंडगेट' असं नाव पडलं.

प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हात धुऊन घेतले. एलजीच्या फ्रान्स शाखेने, आमचे फोन वाकत नाहीत, ते मुळातच वक्र असतात, अशा आशयाचं ट्वीट केलं. ते ट्वीट आयफोनवरून केलं गेल्याचं लोकांच्या लगेच लक्षात आलं, तो भाग वेगळा.

नऊ तक्रारी

२५ सप्टेंबरला ॲपलने उत्तर दिलं. नेहमीच्या वापरात फोन वाकणं अत्यंत दुर्मीळ आहे आणि विक्रीच्या पहिल्या सहा दिवसांत ६ प्लस वाकल्याची तक्रार घेऊन फक्त नऊ ग्राहक कंपनीकडे आले, असं कंपनीचं म्हणणं होतं. पहिल्या तीन दिवसांतच दोन्ही मॉडेल मिळून एक कोटीहून अधिक फोन विकले गेल्याचं कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. बहुतेकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले. एक कोटीत नऊ! विषय संपला.

पण हा हिशेब नीट पाहायला हवा. एक कोटी हा आकडा दोन्ही मॉडेलचा, नऊ तक्रारी फक्त मोठ्या मॉडेलच्या. नऊ ही वाकलेल्या फोनची संख्या नव्हे, तर कंपनीपर्यंत पोहोचलेल्या ग्राहकांची. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे सहा दिवस. खिशातला फोन एका दिवसात क्वचितच वाकतो. बूट घेतल्यावर सहाव्या दिवशी तळवा झिजला का, असं विचारून बुटाचा टिकाऊपणा ठरत नाही. आकडा खोटा होता असं कुणी म्हणत नाही. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्न ग्राहकांनी विचारलेलाच नव्हता.

यंत्रावर वाकवल्यावर काय दिसलं?

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकहित जपणाऱ्या संस्थेने सहा फोन यंत्रावर घातले. पद्धत सोपी होती. फोनला दोन टोकांना आधार द्यायचा आणि मधोमध वरून दाब वाढवत न्यायचा. आपण काटकी गुडघ्यावर ठेवून मोडतो, तेच तत्त्व.

आयफोन ६ ला सुमारे ३२ किलो दाबाला कायमचा बाक आला, ६ प्लसला सुमारे ४१ किलोला. एचटीसी वन एम८ आयफोन ६ इतक्याच दाबाला वाकला. आधीचा आयफोन ५ मात्र ५९ किलोपर्यंत टिकला, एलजी जी३ तेवढ्यालाच, आणि सॅमसंग गॅलेक्सी नोट ३ तर ६८ किलोपर्यंत. ॲपलने पत्रकारांना आपली प्रयोगशाळा दाखवली, तिथे अशाच चाचणीत २५ किलोचा भार वापरला जात होता.

या आकड्यांतून दोन बातम्या निघत होत्या. पहिली, की फोन नुसत्या हाताने वाकतो असं वाटलं तरी तो कागदाचा नाही. ही बातमी सगळीकडे छापून आली. दुसरी, की जुन्या आयफोनपेक्षा नवा बराच कमी दाबाला वाकतो. ही मात्र बाजूला पडली. शिवाय मोठा ६ प्लस लहान ६ पेक्षा मजबूत ठरला होता. मग तक्रारी मोठ्याच्याच का येत होत्या?

दोष पातळपणाचा की लांबीचा?

सर्वसाधारण समज असा, की फोन पातळ झाला म्हणून वाकला. ते अर्धंच खरं आहे.

धातूची पट्टी किती सहज लवते, हे तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. ७.६ मिलिमीटरवरून ७.१ वर आल्याने ताठपणा साधारण १८ टक्क्यांनी घटतो. पण ६ प्लसची रुंदी ५एसच्या ५८.६ मिलिमीटरवरून ७७.८ झाली होती आणि रुंदी वाढली की ताठपणा वाढतो. गुणाकार केला, तर जाडीतली घट रुंदीने भरून निघते, किंबहुना थोडी जास्तच. खरा फरक पडतो तो लांबीने. दोन टोकांवर टेकलेली पट्टी तेवढ्याच दाबाखाली किती लवेल, हे लांबीच्याही घनावर ठरतं. १२.४ सेंटिमीटरचा फोन १५.८ सेंटिमीटरचा झाला, की लवणं दुपटीच्या आसपास जातं. फोन म्हणजे भरीव पट्टी नव्हे, त्यामुळे हा हिशेब ढोबळच. पण दिशा तो बरोबर दाखवतो.

आता हाच फोन खिशात ठेवून पाहा. सव्वाबारा-साडेबारा सेंटिमीटरचा फोन पुढच्या खिशात बहुतेक मांडीवरच मावतो. १६ सेंटिमीटरचा फोन जांघेच्या घडीपर्यंत पोहोचतो. आपण बसतो, तेव्हा शरीर नेमकं तिथेच दुमडतं. खालून मांडीचा उंचवटा फोनला मध्यभागी वर रेटतो आणि घट्ट जीन्सचं कापड दोन्ही टोकं खाली ओढतं. काटकी, गुडघा आणि दोन हात, सगळं जमून आलं. स्कूटर चालवताना, बुटाची नाडी बांधायला वाकताना हेच होतं. मागच्या खिशात तर अख्ख्या माणसाचं वजन येतं. गादीच्या खुर्चीवर ते पसरतं, पण लाकडी बाकाच्या कडेवर किंवा कट्ट्यावर ते एकाच रेषेत येतं.

त्यातही फोन कुठे वाकेल, हे आधीच ठरलेलं असतं. ६ प्लसची बहुतेक वाकलेली छायाचित्रं पाहिली, तर बाक आवाजाच्या बटणांपाशी दिसतो. बटणांसाठी चौकटीला भोकं पाडलेली असतात, म्हणजे तिथे धातू कमी. यंत्राचा दाब मधोमध पडतो, खिशाचा दाब कमकुवत जागा शोधतो. यंत्रावर ६ प्लस लहान भावापेक्षा सरस का ठरला आणि खिशात का नाही, याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आणखी एक गोष्ट. थोडा लवलेला धातू सोडल्यावर पुन्हा सरळ होतो. एका मर्यादेपलीकडे गेला, की तो तसाच राहतो. या मर्यादेच्या आतसुद्धा तोच ताण हजारदा दिला, तर धातू थकतो. बांधकामावरची तार पक्कड नसताना कशी तोडतात, ते आठवा.

बाहेरून सरळ, आतून तुटलेला

बेंडगेटची चर्चा महिनाभरात थंडावली. पण प्रकरण संपलं नव्हतं.

सुमारे दोन वर्षांनी, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संकेतस्थळाने एका विचित्र बिघाडाकडे लक्ष वेधलं. अनेक आयफोन ६ प्लसच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला करडी पट्टी थरथरत होती आणि नंतर स्पर्शाला प्रतिसादच मिळेनासा होत होता. स्क्रीन बदलला तरी काही दिवसांनी तेच. दुरुस्ती करणाऱ्यांना कारण मदरबोर्डवर सापडलं. स्पर्श ओळखणाऱ्या चिपा बोर्डाला सोल्डरच्या, म्हणजे डाखाच्या, अगदी बारीक मण्यांनी जोडलेल्या असतात. फोन खिशात पुन्हापुन्हा लवला, की बोर्डही लवतो आणि या मण्यांना तडे जातात. फोन बाहेरून सरळच दिसतो.

नोव्हेंबरमध्ये ॲपलने १४९ डॉलर आकारून दुरुस्तीची योजना जाहीर केली. फोन कठीण जागी अनेकदा पडल्यावर आणि त्यानंतर आणखी ताण आल्यावर हा दोष उद्भवतो, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे ग्राहकाच्या हातून फोन पडला म्हणून.

याच दोषावरून कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात खटला सुरू होता. मे २०१८ मध्ये न्यायाधीश लुसी को यांच्या आदेशातून ॲपलच्या अंतर्गत कागदपत्रांतला मजकूर बाहेर आला. फोन बाजारात येण्याआधीच्या कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत आयफोन ६ हा ५एसपेक्षा ३.३ पट आणि ६ प्लस तब्बल ७.२ पट अधिक वाकण्याची शक्यता असल्याचं दिसलं होतं. चिपेच्या खाली भरून तिला बोर्डाशी घट्ट धरून ठेवणारा चिकट पदार्थ आधीच्या पिढीत वापरला होता. ६ आणि ६ प्लसच्या संबंधित चिपेखाली तो मे २०१६ पासून भरायला सुरुवात झाली. जाहीर कबुली मात्र कधीच नव्हती.

७.२ पट म्हणजे प्रत्येक फोन वाकणारच असं नाही. मूळ शक्यता अगदी छोटी असेल, तर तिची सात पटही छोटीच राहते. पण 'दुर्मीळ' हा शब्द वापरताना कंपनीला ही तुलना माहीत होती आणि ग्राहकाला नव्हती. फोन पडला का, असं दुकानात विचारलं गेलं, तेव्हा अनेकांनी खिशातल्या फोनचा दोष स्वतःच्या माथी घेतला असणार.

मग आताचे पातळ फोन?

तोंडाने मान्य न करता कंपन्यांनी धडा मात्र घेतला. २०१५ च्या ६एस प्लसमध्ये ६००० मालिकेऐवजी ७००० मालिकेतलं, बरंच जास्त ताण सोसणारं ॲल्युमिनियम आलं, आणि फोन किंचित जाडही झाला, ७.३ मिलिमीटर. म्हणजे पातळ होण्याची शर्यत एक पाऊल मागे आली.

आयफोन एअर १५.६ सेंटिमीटर लांब आहे, जवळपास ६ प्लसएवढाच. जाडीचा घन लावला, तर त्याचा ताठपणा ६ प्लसच्या निम्म्यावर यायला हवा. पण त्याची चौकट टायटॅनियमची आहे. टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून अधिक ताठ असतं आणि कायमचा बाक येण्यापूर्वी त्याहून कितीतरी जास्त ताण सोसतं. त्यामुळे हा फोन लवतो, पण पुन्हा सरळ होतो. झॅक नेल्सन यांच्या 'जेरीरिगएव्हरीथिंग' चॅनलवर तो हाताने वाकवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा हेच दिसलं. त्याहून महत्त्वाचा बदल आत आहे. मदरबोर्ड वरच्या टोकाला, कॅमेऱ्याच्या उंचवट्यात नेला आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार हे बॅटरीला जागा मिळावी म्हणून. पण सर्वात जास्त लवणाऱ्या मध्यभागापासून नाजूक जोड दूर गेले, हा फायदाही छोटा नाही.

यात एक मेख आहे. मधली जागा आता बॅटरीने व्यापली आहे आणि लिथियम बॅटरीला वाकणं मानवत नाही. तिच्या आतले थर एकमेकांना भिडले, तर ती तापते, फुगते, क्वचित पेटते. वाकून सरळ झालेल्या फोनच्या बॅटरीचं वर्षा-दोन वर्षांनी काय होतं, हे एका मिनिटाच्या व्हिडिओत दिसू शकत नाही.

तुमच्याकडे मोठा फोन असेल, तर मागच्या खिशात तो ठेवून बसू नका. पुढच्या घट्ट खिशात ठेवून लांबचा प्रवास करण्यापेक्षा तो शर्टाच्या खिशात किंवा पिशवीत बरा. फोन सपाट काचेवर ठेवून डुलतो का, ते अधूनमधून पाहता येतं; मात्र कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे त्यासाठी तो पालथा, स्क्रीन खाली करून ठेवावा लागेल. आणि बाक आलेला दिसलाच, तर तो गुडघ्यावर दाबून सरळ करू नका. एकदा वाकल्यावर टिकलेले आतले जोड आणि बॅटरी, उलट दिशेने वाकवताना जाण्याचा धोका अधिक असतो.