पहिलं पान कोणाचं?

आमच्या समुपदेशन केंद्राच्या बाहेरच्या खोलीत एक कपाट आहे. आई आत बोलत असते तेव्हा मुलांनी काय करायचं, म्हणून त्यात आम्ही खेळणी ठेवतो. गेल्या वर्षी परदेशातून परतलेल्या एका हितचिंतक कुटुंबाने खोकं भरून सामान दिलं. त्यात गोष्टींची पुस्तकं होती, भातुकली होती आणि हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेमही होता. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ नावाचा. सोबत एकच कॅसेट होती.

महिन्याच्या बैठकीत त्यावरून वाद झाला. “मारामारी करायची आणि जिंकायचं, याशिवाय त्यात काय असणार? आपल्या कपाटात हे नको,” असं एका जुन्या कार्यकर्तीचं म्हणणं पडलं. खरं सांगायचं तर तेव्हा मी तिच्याच बाजूची होते. पण निर्णय लांबला आणि गेम कपाटातच राहिला.

पुढे एक आठवीतली मुलगी आईबरोबर येऊ लागली. (तिच्या घरचे तपशील मी इथे बदलले आहेत.) आई आत असली की ती तो गेम घेऊन बसायची. एक दिवस तिने मला हाक मारली. “ताई, यातली ही मुलगी वाईट आहे का चांगली, तेच मला कळत नाहीये. इंग्रजी भरभर जातं. तुम्ही वाचून सांगा ना.” मी शेजारी बसले. त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीत तो गेम घरी नेऊन मी पूर्ण खेळले. आज लिहिते आहे ते त्यातूनच.

खेळाचं नाव ‘किंग्डम हार्ट्स : चेन ऑफ मेमरीज’. जपानमध्ये तो २००४ साली आला. सोरा नावाचा मुलगा मित्रांना शोधत एका किल्ल्यात शिरतो. या किल्ल्याचा विचित्र नियम असा की, जो जितके मजले वर चढेल तितकं तो विसरत जाईल. सोराचंही तसंच होतं. जुन्या गोष्टी पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी एक नवीनच आठवण उगवते. आपल्या बेटावर लहानपणी नामिने नावाची एक मैत्रीण होती, तिला जपण्याचं आपण वचन दिलं होतं, ती इथेच वरच्या मजल्यावर कैदेत आहे, असं त्याला वाटू लागतं. तिला सोडवायला तो जिवाच्या आकांताने वर चढतो.

प्रत्यक्षात नामिने त्याच्या लहानपणात कधी नव्हतीच. त्याची मैत्रीण होती कायरी. नामिनेच्या अंगी एक शक्ती आहे. ती वहीत चित्रं काढते आणि तशा सोराच्या आठवणी बदलत जातात. म्हणजे ज्या मुलीला सोडवायला तो निघाला आहे, तिनेच त्याची स्मृती उसवली आहे!

माझ्या शेजारची मुलगी अडली होती ती इथेच. आणि मैत्रिणींनो, आपणही अनेकदा इथेच अडतो. दर प्रशिक्षणात कोणीतरी उठून म्हणतंच ना, “बाईच बाईची वैरीण असते, त्याचं काय?” सासू छळते, नणंद कान भरते, जाऊ चुगली करते. उदाहरणांना तोटा नसतो, आणि ती खोटीही नसतात. म्हणूनच आपलं उत्तर पुष्कळदा पुस्तकी होतं.

हा खेळ काय करतो पाहा. सत्य बाहेर येतं त्याच्या बरंच आधी तो खेळणाऱ्याला वरच्या मजल्यावरची ती खोली दाखवतो. पांढरी खोली, पांढऱ्या कपड्यातली मुलगी, पुढ्यात चित्रांची वही. पहारा मार्लुक्सियाचा. त्याला आपल्याच संघटनेची सत्ता उलथवायची आहे. त्यासाठी सोरासारखा लढवय्या त्याच्या मुठीत यायला हवा, आणि मुठीत आणण्याचं साधन म्हणजे नामिने. चित्र तिच्या हातून उतरतं, पण कोणतं चित्र काढायचं ते ठरवणारा दुसराच असतो. तिने नाही म्हटलं तर तिला जायला जागा नाही. पुढे सत्य उघड होतं तेव्हा ती काही नाकारत नाही. केलेलं सगळं कबूल करते आणि माफी मागते.

हे समजावून सांगितल्यावर मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आत्याला पण मग खोली नाहीये ना.”

तिची आत्या नवऱ्याने टाकल्यामुळे भावाकडे परत आलेली. मुलीच्या आईचा फोन लपवणं, ती कोणाशी बोलते ते भावाला सांगणं, “वहिनीला काही लक्षातच राहत नाही” असं आल्यागेल्याला ऐकवणं, ही आत्याची कामं. भावाने हात उचलला की दुसऱ्या दिवशी “असं काही झालंच नव्हतं” अशी साक्ष देणारीही तीच. शेवटी शेवटी मुलीची आई आम्हाला विचारू लागली होती, “ताई, मलाच भास होत असतील का हो?” स्मृती उसवण्यासाठी जादूची वही लागत नाही. घरातली दोन माणसं रोज एकच खोटं बोलली तरी पुरतं. म्हणून आम्ही अशा बायकांना पहिल्याच भेटीत तारीख घालून लिहून ठेवायला सांगतो. लिहिता येत नसेल तर केंद्रात येऊन सांगा, आम्ही लिहून ठेवू. पुढे कोर्टात त्याचा उपयोग होतोच. पण त्याआधी स्वतःवरचा विश्वास टिकवायला तो उपयोग होतो.

मग आत्याचा दोष नाही का? आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तो ‘प्रौढ पुरुष’ असावा असे शब्द होते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द रद्द केले. आता घरातल्या बाईविरुद्धही तक्रार करता येते. मला ते योग्य वाटतं. छळ सोसणाऱ्या बाईला, छळणारी स्वतः किती लाचार आहे याचा हिशेब ठेवायला सांगणं अन्याय आहे. परंतु आपण कार्यकर्त्यांनी मात्र तो हिशेब ठेवायलाच हवा. फोन कोणी लपवला, या प्रश्नाबरोबर आपण दुसराही प्रश्न विचारला पाहिजे : तो लपवल्यामुळे कोणाची सत्ता टिकली? आणि आत्याने नकार दिला असता तर त्या रात्री ती झोपली कुठे असती? ‘बाईच बाईची वैरीण’ म्हणणारा माणूस हे दुसरे प्रश्न विचारत नाही. तिथेच त्याचं म्हणणं लंगडं पडतं.

आता खेळाचा कमकुवतपणाही सांगायला हवा. खेळायला मिळतात ते दोघंही मुलगेच : आधी सोरा, मग त्याचा मित्र रिकू. शत्रूच्या संघटनेतली एकुलती एक बाई, लार्क्सीन, ही दुसऱ्याच्या वेदनेवर हसणारी दाखवली आहे. जिची जागा चोरली गेली त्या कायरीला काय वाटतं, हे कोणी विचारतच नाही. आणि शेवट पाहा. नामिने सोरासमोर दोन पर्याय ठेवते. जुन्या आठवणी परत घे आणि किल्ल्यात घडलेलं, म्हणजे मलाही, विसर. नाहीतर हे ठेव आणि जुनं सोड. तो जुन्या आठवणी निवडतो. ते साहजिक आहे. पण निवड त्याची आणि काम तिचं! तो झोपी जातो, आणि ती महिनोन् महिने एकेक आठवण जागेवर जोडत बसते. २००५ सालच्या पुढच्या खेळात तो जागा होतो तेव्हा त्याच्या प्रवासाची वही कोरी झालेली असते. त्यात एकच ओळ उरलेली : नामिनेचे आभार मानायचे. ही नामिने कोण, ते कोणालाच आठवत नाही. बायकांच्या कामाची नोंद कशी राहते याचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही. खेळ करणाऱ्यांना ते तसं दाखवायचं होतं की नाही, कोण जाणे.

कथेपेक्षाही मला जास्त छळलं ते या खेळातल्या लढाईने. लढाई पत्त्यांनी होते. प्रत्येक पानावर शून्य ते नऊ यातला एक आकडा. शत्रूने पाच टाकला तर तुमचा सहा त्याला मोडतो. लहान आकड्यांवाल्यांनी काय करायचं? तर तीन पानं एकत्र बांधून टाकायची. तिन्हींची बेरीज होते. तीन, तीन आणि चार मिळून दहा झाले की नऊही मोडून पडतो. मला हे फारच आवडलं. म्हटलं, हे तर आपलं संघटन! पण पुढे कळलं की त्याची किंमत आहे. बांधलेल्या तिघांतलं पहिलं पान त्या लढाईपुरतं बाद होतं. बाकीची दोन कॅटमध्ये परत येतात, पहिलं येत नाही.

मुलगी हे केव्हाच शिकली होती. “म्हणून पहिलं नेहमी कमी कामाचं ठेवायचं, ताई.” खेळात ते बरोबरच आहे.

मला मात्र काही वर्षांपूर्वीचा एक मोर्चा आठवला. मालकाने त्रास दिलेल्या एका घरकामगार बाईसाठी आम्ही वस्तीतून निघालो होतो. ती सर्वांत पुढे, हातात फलक. वर्तमानपत्रात फोटो आला. आम्हाला वाटलं, केवढी हिंमत! मालकाने माफी मागितली, थकलेला पगार दिला. आम्ही अहवालात ‘यशस्वी’ असं लिहिलं. महिनाभरात तिची उरलेली दोन कामं सुटली आणि घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. आम्ही सगळ्या आपापल्या घरी, आपापल्या पगारावर परत आलो होतो. ती परत आली नाही. तिला पुढे उभं करताना, “याचं पुढे काय होईल, तुला चालेल का?” असं आम्ही विचारलं होतं का? मला तरी आठवत नाही. आणि ज्या गोष्टीची आठवण आपल्याला अडचणीची, ती आपण किती सहज विसरतो, हेही त्या किल्ल्याने दाखवून दिलं.

तिने पुढे यायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. तिचा प्रश्न, तिचाच आवाज, हे तत्त्व आपण कष्टाने कमावलं आहे. पण पुढे उभं राहण्याची किंमत कोणाला परवडते, हे आधी बोलून घ्यायला हवं. ज्यांची नोकरी सुरक्षित आहे, ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, अशा आम्ही फलक धरू शकलो असतो. बाद व्हायची पाळी आमची असायला हवी होती.

त्या गेमचं काय करायचं, हा प्रश्न पुढच्या बैठकीत पुन्हा येईल. माझं मत बदललं आहे. पाठ्यपुस्तकातली केर काढणारी आई आणि मालिकांमधली कारस्थानी सासू आपण तपासली. मुलं आज तासन् तास ज्यात रमतात ते खेळ आपण न पाहताच बाजूला टाकतो, आणि मग त्यांच्याशी बोलायला आपल्याकडे काही उरत नाही. किशोरी गटात एक सत्र यावर घेऊन पाहू या. मुलींना विचारू या : यात तुला कोण होता येतं? कैदेत कोण आहे? किल्ली कोणाकडे? शेवटी कोण निवडतं, आणि निस्तरत कोण बसतं? हे प्रश्न त्या घरीही घेऊन जातील.

परवा ती मुलगी आली होती. आईची सुनावणी जवळ आली आहे. गेम हातात घेऊन तिने विचारलं, “ताई, आत्या पण इथे येऊन बोलू शकते का?”

मी हो म्हटलं. पण आपल्या केंद्राच्या नियमांत एकाच घरातली तक्रारदार आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती, या दोघींसाठी जागा नाही. एकीला दुसरीचा धोका होणार नाही अशा रीतीने ती कशी करायची? इतर संघटनांनी काही करून पाहिलं असेल तर जरूर लिहा.