बंदिवासात मेलेल्या शिपायाचे नाव

दि. 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंड यांच्या सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्याने खंगलेली सुमारे 13,000 माणसे कैद झाली. त्यांतील बहुसंख्य हिंदी होती. 103, 110 व 117 या मराठा पलटणींतील तरुणही त्यांत होते आणि त्या काळची रीत पाहता, त्यांतील अनेकांच्या मागे गावी पत्नी असणार. टाउनशेंड यांची व्यवस्था इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली. शिपायांना मात्र वाळवंट तुडवीत रास-अल-ऐनकडे नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. ताप, आमांश, उपासमार यांनी हजारो मेले.

त्याच रास-अल-ऐनला मार्च 1917 मध्ये कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे बंगाली लष्करी डॉक्टर तापाने वारले. दुसऱ्यांची भूमी बळकावण्यालाच देशप्रेम म्हणतात काय, असा सवाल त्यांनी रणभूमीवरून आईला लिहिलेल्या पत्रांत केला होता. ती पत्रे आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्या वृद्ध आजी मोक्षदा देवी यांनी 1928 साली ‘कल्याण-प्रदीप’ हे नातवाचे चरित्र लिहून छापले. ही आजी काँग्रेसचे पहिले अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी यांची भगिनी. पिढीजात लेखणी त्या घरात होती. त्या माउलीच्या दुःखाविषयी मला आदरच आहे. परंतु तिच्याइतकेच रडलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या शिपायाच्या पत्नीचे काय? तिच्या हाती काय राहिले?

सरकारनेही तिच्यासाठी लिहून ठेवले नाही. बसऱ्याचे युद्धस्मारक 1929 साली उघडले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. या भेदभावाबद्दल युद्धकबर आयोगाने क्षमा मागितली ती 2021 मध्ये!

शिपायांच्याही खाली आणखी एक पायरी होती. कुत येथे कैद झालेल्यांत भिस्ती, सफाईवाले, डोलीवाले, खेचरवाले असे तीन हजारांहून अधिक अनुचर होते. महारांना सैन्यभरतीची दारे 1892 च्या सुमारास बंद झाली होती. ती उघडावीत म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. 111 महार पलटण उभी राहिली ती 1917 साली, कुत पडल्यानंतर, आणि 1921 मध्ये मोडलीही. बंदूक नाकारलेल्या माणसाला मशक उचलण्यास कोणी मज्जाव केला नव्हता. त्याच्या मरणाचा इतिहास शोधू गेल्यास हाती आकडेच लागतात.

लष्करी छावणीतील शाळेने सुभेदार रामजींना आणि त्यांच्या पिढीला अक्षरे दिली, हे आपण जाणतोच. आज या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या हाती लेखणी आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती : घरातील जुन्या पेटीत एखादे पदक, पेन्शनचा कागद वा पलटणीचा क्रमांक असलेले पत्र असेल तर त्याची प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. आजीने सांगितलेले नाव तेवढे आठवत असेल, तरी तेही लिहून पाठवावे. सोबत त्या माणसाच्या पत्नीचे नाव अवश्य असावे.