नंदुरबारच्या उन्हाळ्यात ‘निमो’

मे महिन्यात नंदुरबारचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. त्याच दिवसांत दुकानातल्या टाकीत नारिंगी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश पोहत असतो. त्याला पाणी हवे २५ ते २८ अंशांचे, आणि तेही रात्रंदिवस एकसारखे. ही तफावत भरून काढायचे काम विकणारा आणि पाळणारा, अशा आपण दोघांनी पत्करले आहे.

गिऱ्हाईक ज्याला ‘निमो’ म्हणून मागते, तो ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस आपल्या देशात अंदमान-निकोबारच्या प्रवाळात राहतो. डंख मारणारे समुद्रफूल हेच त्याचे घर. अंगावरच्या चिकट थरामुळे तो तिथे सुखरूप असतो. घरात सगळ्यांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल नर, बाकीचे लहान. मादी गेली की तोच नर मादी होतो आणि लहानांतला एक नराची जागा घेतो. मोठा, देखणा मासा पकडणारा बहुधा मादीच उचलतो. मोडलेली जोडी पुन्हा जमून अंडी पडेपर्यंत बराच काळ जातो.

त्यात समुद्र तापतो आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. उष्णतेने समुद्रफुलेही तशीच पांढरी पडतात. अशा घरातून मासे उपसून आणायला आमचा ठाम विरोध आहे. तशी गरजही उरलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे हॅचरीतले प्रजनन केव्हाच साधले आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. दुकानदारांनी मागणी नोंदवतानाच ‘हॅचरीचाच’ असे लिहावे. समुद्रफूल तर विकूच नये. हा मासा टाकीत त्याच्यावाचून मजेत राहतो.

आता उन्हाळ्याचे. आपली कोरडी हवा इथे मदतीला येते. पाण्यावर तिरका सोडलेला पंख्याचा झोत मुंबईच्या दमट हवेत जेवढा गारवा देतो, त्याहून कितीतरी जास्त इथे देतो. काचेचे झाकण काढून जाळी बसवा. मात्र पाणी झपाट्याने उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याचीच घाला, खाऱ्या पाण्याची नव्हे. बोअरचे पाणी नकोच. खोलीच तापत असेल तर पंखा पुरणार नाही, चिलर घ्यावा लागेल. तेवढा खर्च झेपत नसेल त्या गिऱ्हाइकाला गोड्या पाण्याचे मासे सुचवा. आणि बॅटरीवरचा हवेचा पंप एप्रिललाच आणून ठेवा: तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, वीज गेली की मासे तासाभरात वर येऊन धापा टाकू लागतात.