विश्लेषण : कानाला यंत्र आहे, तरी फोनवरचे बोलणे का कळत नाही?

लोणंदच्या बाजारात कांद्याचा भाव, गाडीची वेळ, पट्टीचे पैसे अशी बरीच बोलणी फोनवर होतात. समजा, श्रवणयंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याला आडत्याचा फोन आला आणि 'साठ पिशव्या'चे 'आठ पिशव्या' ऐकू आले, तर? हाच माणूस समोरासमोर व्यवस्थित बोलतो. मग घरचेच म्हणतात, "यंत्र लावलंय ना, मग ऐकू कसं येत नाही?" आवाज त्यांना येतो, शब्द ओळखू येत नाही. याचे कारण बरेचसे फोनमध्ये आहे.

फोनवरच अडचण का?

जुन्या पद्धतीच्या टेलिफोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज पलीकडे पोहोचतो. 'स'सारख्या वर्णाची बरीचशी ओळख त्याहून वरच्या पट्टीत असते. म्हणून 'साठ'मधला 'स' पुसट होतो. कान चांगले असलेला माणूस तो अंदाजाने भरून काढतो. कमी ऐकू येणाऱ्याला समोरच्याच्या ओठांचा आधार असतो, तोही फोनवर नाहीसा होतो.

कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये कानामागचा प्रोसेसर आवाजाचे विद्युत संकेत बनवतो आणि आतल्या कानात बसवलेले १२ ते २२ इलेक्ट्रोड ते श्रवणाच्या नसेपर्यंत नेतात. निरोगी कानात याच जागी सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर मेंदूला ऐकणे नव्याने शिकावे लागते. त्यात फोन ही सर्वांत अवघड पायरी.

वापरणाऱ्याने काय करावे?

फोन कानाच्या छिद्राशी धरू नका. कानामागच्या यंत्राचा माइक वरच्या बाजूला असतो, फोन तिथे धरा. ब्लूटूथची सोय असेल तर आवाज थेट यंत्रात घ्या. व्होएलटीई सुरू ठेवा. दोन्हीकडे ती सोय असेल तर आवाजाची पट्टी बरीच रुंद मिळते. व्हिडिओ कॉलवर ओठ दिसतात. ऑडिओलॉजिस्टकडून फोनसाठी वेगळी सेटिंग करून घ्या. सराव घरच्यांबरोबर करा : त्यांनी पलीकडून बातमी वाचावी, तुम्ही तीच बातमी समोर ठेवून ऐकावी. बोलणे मराठीत टिपणारे 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे ॲपही आहे. कॉल स्पीकरवर ठेवून ते दुसऱ्या फोनवर चालवता येते.

बोलणाऱ्याने काय करावे?

ओरडू नये, त्याने आवाज फाटतो. सावकाश बोलावे. मराठीत प्रत्येक आकड्याला वेगळे नाव आहे, आणि 'त्रेपन्न' व 'त्रेसष्ठ' यांत गल्लत सहज होते. म्हणून 'पाच-तीन, त्रेपन्न' असे सांगावे. पैशांचा आकडा फोननंतर संदेशाने पाठवावाच.

मग प्रश्न सुटला का?

नाही. एवढे सगळे करूनही अनेकांना अनोळखी आवाज फोनवर कळत नाही. आणि बँक, दवाखाना, सरकारी कचेरी यांचा आवाज अनोळखीच असतो. पडताळणीचा कॉल उचलला नाही, तर काम अडते. उचलून उत्तर चुकले, तर संशय येतो. शेवटी मुलाला किंवा शेजाऱ्याला फोन द्यावा लागतो आणि खात्याची खासगी माहिती तिसऱ्याच्या कानी जाते.

केंद्राच्या 'ॲडिप' योजनेतून लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. एका मुलावर सरकार लाखो रुपये खर्च करते. ते मूल मोठे होऊन कचेरीत गेले आणि त्याला 'फोन करून विचारा' असे उत्तर मिळाले, तर त्या खर्चाचे मोल आपणच कमी करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येण्याजोगी असावीत असे सांगतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांवर कर्णबधिरांसाठी मध्यस्थ सेवा पुरवण्याची सक्ती केली.

आपल्याकडे सुरुवात त्याहून स्वस्तात होईल. प्रत्येक अर्जावर मोबाइल क्रमांकाशेजारी एक चौकट हवी : 'फोन नको, संदेश पाठवा'. तिथे खूण असेल, तर कर्मचाऱ्याने लिहूनच कळवावे आणि लिहून आलेले उत्तर ग्राह्य धरावे. लोणंदची बँक, दवाखाना आणि बाजार समिती यांना हे नव्या निधीची वाट न पाहता करता येईल.