सहा महिने, सहा बायका!

गेल्या वर्षीचं माझं रीडिंग चॅलेंज आठवतंय? ‘बारा महिने, बारा अभिजात कादंबऱ्या’! फेब्रुवारीतच गाडी यार्डात गेली. कारण विचारलं की माझं ठरलेलं उत्तर, ‘अरे, वेळच नाही मिळत यार!’

या वर्षी आम्ही चार मैत्रिणींनी शहाणपणा केला. थीम एकच, मराठी बायकांची आत्मचरित्रं. महिन्याला एक, सहा महिन्यांत सहा. यादी करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात! पहिली चार नावं तर चहा संपायच्या आत ठरली. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, बाया कर्व्यांचं ‘माझे पुराण’ आणि सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’. मी जाम खूश.

एकीनं यादी वाचली आणि शांतपणे विचारलं, ‘सगळ्या पांढरपेशा घरांतल्याच ना गं?’

मी गप्प. कारण ती घरं माझ्या घराच्या जवळची होती. मी पुस्तकं निवडत नव्हते, ओळखीची दारं वाजवत होते!

मग उरलेल्या दोन जागा भरल्या. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ (२००३) आणि बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). आयदान म्हणजे बांबूच्या वस्तू. उर्मिलाताईंची आई त्या विणून घर चालवायची. आणि बेबीताई? फलटणला छोटंसं दुकान. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वही काढायची, लिहायचं, आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायची. कितीतरी वर्षं!

हे कळलं आणि माझं ‘वेळच नाही मिळत’ घशातच अडकलं. त्यांना लिहायला वेळ चोरावा लागला. मला तर नुसतं वाचायचंय, तेही लोकलमध्ये, मोबाइल पर्समध्ये टाकून.

तुम्हीही चॅलेंज घेताय? मग माझ्या चुकांमधून आलेल्या या तीन टिप्स. थीम अशी घ्या, की एक पुस्तक संपताना दुसऱ्याची ओढ लागेल. ‘स्मृतिचित्रे’सारख्या जाडजूड पुस्तकाआधी एखादं सडपातळ पुस्तक ठेवा. आणि यादी फायनल करण्याआधी ती अशा कुणाला तरी दाखवा, जी तुमच्या हो ला हो करणार नाही.

आम्ही सुरुवात ‘जिणं आमुचं’पासून केलीय. या वेळी फेब्रुवारी पार होणार, बघाच!